सटवाईचा कोरा कागद

गेल्या वर्षी आमच्या लेकीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे झाले. मुलगी झाली. पाचव्या दिवशी आमच्या आईने, तिचे वय आता ऐंशीच्या घरात आहे, बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा केली. पाट्याजवळ एक कोरा कागद ठेवला, त्यावर पेन्सिल ठेवली आणि समई रात्रभर तेवत राहील एवढे तेल घातले. आपल्याकडे ही रीत मराठी घरांतही आहे आणि कानडी घरांतही. रात्री सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते. आपण त्याला ललाटलेख म्हणतो, शेजारचे कानडी बंधू हणेबरह म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, कपाळावरचे लिहिणे.

सकाळी आमच्या लेकीने तोच कागद उचलला आणि त्याच पेन्सिलीने त्यावर लिहिले, ‘जन्माचे वजन २ किलो ८०० ग्रॅम.’ खाली तारीख आणि वेळ घातली. आई दारातून बघत होती. ती म्हणाली, “सटवाईनं लिहिल्यावर तू आणि काय लिहितीस गं त्यावर?” लेक हसून म्हणाली, “आजी, तिचं लिहिलेलं मला वाचता येत नाही. माझं मला वाचता येतं.”

मी इतिहासाचा मास्तर. घरातल्या बोलण्यावर लगेच व्याख्यान द्यायची खोड सर्व मास्तरांना असते, पण त्या दिवशी मी गप्प राहिलो. एका कागदावर दोन लेखणींचा हक्क कसा आला, हा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. वाढत्या बाळाकडे आई-बाप अनादि काळापासून टक लावून बघत आले आहेत. परंतु बघितलेले लिहून ठेवावे, मोजावे, आणि त्या लिहिण्यातून बाळ वाचवावे, ही कल्पना माणसाला केव्हा आणि कशी सुचली? त्याचा जो मागोवा मी घेतला, तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

*

प्रथम आपल्या पूर्वजांविषयी. त्यांनी बाळाकडे बघितले नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग आहे. सुश्रुताने बाल्याचे तीन भाग केले. एक वर्षापर्यंत क्षीरप म्हणजे केवळ दूध पिणारा, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारा, आणि त्यापुढे अन्नाद. काश्यपसंहिता हा खास बालकांच्या वैद्यकाचा ग्रंथ शतकानुशतके दृष्टीआड होता. त्याचे खंडित हस्तलिखित नेपाळात मिळाले आणि १९३८ साली तो छापून प्रसिद्ध झाला. त्यात वेदनाध्याय नावाचा एक अध्याय आहे. ज्याला बोलता येत नाही त्या बाळाला कुठे दुखते आहे हे कसे ओळखावे, एवढाच त्याचा विषय. डोके दुखत असेल तर बाळ डोके हलवते आणि डोळे मिटून घेते. कान दुखत असेल तर हातांनी कानाला स्पर्श करते. ज्या वैद्याने हे लिहिले, त्याने किती रात्री पाळण्याशेजारी बसून काढल्या असतील याची कल्पना करावी.

आपले संस्कारही एका परीने बाळाच्या वाढीचे पंचांगच होते. बाराव्या दिवशी बारसे, चौथ्या महिन्यात निष्क्रमण म्हणजे बाळाला घराबाहेर सूर्यदर्शनाला नेणे, सहाव्या महिन्यात अन्नप्राशन. पारस्करगृह्यसूत्रात हे महिने दिलेले आहेत. योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालापासून पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि मग वरचे अन्न सुरू करावे, असाच सल्ला दिला आहे. उष्टावणाची वाटी आणि जिनेव्हाचे तज्ज्ञ या एका बाबतीत एकाच महिन्यावर येऊन थांबले.

परंतु पूर्वजांचे गुणगान करताना मास्तराने चूकही दाखवली पाहिजे. बाळंतपणानंतर आईला जे पहिले घट्ट पिवळसर दूध येते, ते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पिळून टाकून दिले गेले. बाळाला तीन दिवस मध चाटवायचा नाहीतर साखरपाणी द्यायचे. सुश्रुतानेही पहिल्या दिवशी मध आणि तूप सांगितले आहे. आता गंमत बघा. गोठ्यात गाय व्याली की तोच चीक आपण काळजीपूर्वक काढून घेतो, गूळ-वेलदोडा घालून त्याचा खरवस करतो आणि शेजारी वाटतो. वासरालाही पहिला चीक पाजल्याशिवाय शेतकरी राहत नाही. जे वासराला दिले ते पोराला नाकारले! रोगांना तोंड देण्याची पहिली शिदोरी त्या दुधातच असते हे आज सर्वांना ठाऊक आहे. बघणे कितीही बारीक असले, तरी रूढीची झापड डोळ्यांवर असली की समोरचे दिसत नाही, याचे हे आपल्या घरातले उदाहरण आहे.

*

या लहानग्यांच्या मरणाचा इतिहास कुठे सापडतो? बखरीत तो नाही. राजांच्या वंशावळीत ‘अल्पायुषी’ एवढा एक शब्द असतो. सामान्यांच्या घरी तोही नाही. मला तो सापडला तो शाळेच्या जुन्या दाखलपुस्तकात.

सीमाभागातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे रजिस्टर उघडा. त्यात दगडू भेटेल, धोंडू भेटेल, केरबा भेटेल, भिकाजी भेटेल. त्याच पानावर तिप्पण्णा आणि तिप्पव्वा भेटतील. तिप्पे म्हणजे कानडीत उकिरडा. आधीची मुले हाती लागली नाहीत, म्हणून या मुलाला नजर लागू नये, यमाला हे हवेसे वाटू नये, यासाठी दगडाचे, केराचे, उकिरड्याचे नाव ठेवायचे. भाषा दोन, पण भीती एक. आज ही नावे मुलांना हसू आणतात. मी वर्गात हसू देत नाही. प्रत्येक दगडूच्या मागे न लिहिलेली एक-दोन नावे उभी आहेत, हे मी मुलांना सांगतो.

त्याच रजिस्टरात दुसरी गोष्ट दिसते ती जन्मतारखेची. एका वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा. पुढे ही मुले नोकरीतून निवृत्तही एकाच दिवशी झाली. कारण उघड आहे. बाप पोराला घेऊन शाळेत आला, मास्तरांनी जन्मतारीख विचारली, बाप म्हणाला, “मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली.” मास्तरांनी दात बघितले, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघितले आणि लिहून टाकले, १ जून. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतःही अशा तारखा लिहिल्या आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा १९६९ साली झाला. तो खेड्यापाड्यांत रुजायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

जन्मलेल्याचीच जिथे तारीख नाही, तिथे गेलेल्याची कुठून असणार? आणि शाळेच्या रजिस्टरात तर फक्त शाळेपर्यंत पोचलेलेच असतात.

*

बाळाची रोजची नोंद करण्याची रीत पहिल्यांदा राजवाड्यात दिसते, यात नवल नाही. फ्रान्सचा तेरावा लुई २७ सप्टेंबर १६०१ रोजी जन्मला. त्या दिवसापासून त्याचा वैद्य झाँ एरोआर याने रोजनिशी लिहायला घेतली. राजपुत्र काय प्याला, केव्हा झोपला, काय बोलला, हे सारे तो लिहीत गेला आणि १६२८ साली स्वतः मरेपर्यंत लिहीत राहिला. ती नोंद राज्याच्या वारसाची होती.

त्यानंतर दीडशे वर्षांनी त्याच देशात एका बापाने निराळे काम केले. गेनो द माँबेयार या निसर्गाभ्यासकाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, आणि ती थेट १७७७ पर्यंत, मुलगा अठरा वर्षांचा होईतो. ते आकडे त्याच्या मित्राने, सुप्रसिद्ध बुफोंने, आपल्या ग्रंथात छापले. एकाच मुलाची जन्मापासून तारुण्यापर्यंत मोजलेली ही पहिली उंची. दीडशे वर्षे हे आकडे पुस्तकात पडून होते. १९२७ साली स्कॅमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ते सेंटिमीटरमध्ये बदलून आलेखावर मांडले, तेव्हा बाळाच्या वाढीची वक्ररेषा डोळ्यांना दिसली. आरंभी उभी चढण, मग हळूहळू सपाटी, आणि वयात येताना पुन्हा एक उसळी. पहिल्या वर्षात बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढते. पुढच्या आयुष्यात तो वेग पुन्हा कधीच येत नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माचे वजन दुप्पट होते आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट. आज्ज्या म्हणतात, “बघता बघता वाढलं.” ते अक्षरशः खरे आहे.

तिसरी नोंद चार्ल्स डार्विनची. उत्क्रांतिवादाचा हा आचार्य २७ डिसेंबर १८३९ रोजी प्रथम बाप झाला. मुलाचे नाव विल्यम. डार्विनने वही घेतली आणि पाळण्याशेजारी बसला. सातव्या दिवशी त्याने बाळाच्या उघड्या तळव्याला कागदाचा तुकडा लावला. पाय झटकन् मागे गेला आणि बोटे आखडली. नवव्या दिवशी बाळाचे डोळे मेणबत्तीवर खिळले. एकोणपन्नासाव्या दिवशी एका रंगीत गोंड्याने त्याचे लक्ष वेधले. पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास खरे हसू आले, आईकडे बघून. साडेचार महिन्यांचे असताना बापाने गंमत म्हणून जोरात घोरण्याचा आवाज काढला, तर बाळ एकदम गंभीर झाले आणि रडू लागले. जगाला हादरवणारा ग्रंथ लिहिणारा माणूस घोरून दाखवतो आहे आणि बाळ रडल्यावर ते प्रामाणिकपणे टिपून ठेवतो आहे, हे चित्र मला फार आवडते.

ही वही सदतीस वर्षे पडून होती. फ्रेंच विद्वान तेन याने आपल्या मुलीच्या बोलण्याच्या वाढीवर लिहिलेला लेख ‘माइंड’ या इंग्रजी नियतकालिकात आला, तो वाचून डार्विनला जुनी वही आठवली, आणि १८७७ सालीच त्याच नियतकालिकात त्याचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात एक नोंद अशी आहे, की बाळ बरोबर एक वर्षाचे झाले तेव्हा त्याने अन्नासाठी स्वतःच एक शब्द तयार केला, ‘मम’. हे वाचताना मी थबकलो. आपल्या घरात बाळाला भात भरवताना आपण ‘मंमं’च म्हणतो, आणि कानडी शेजारीण ‘मम्मु’ म्हणते. डार्विनच्या घरातले आणि बेळगावच्या घरातले बाळ एकाच शब्दाने जेवण मागते. ओठ मिटून उघडताना निघणारा तो सहज आवाज आहे, त्याला शब्दकोश लागत नाही.

पण या वहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डार्विनला दहा मुले झाली. त्यांतली तीन लहानपणीच गेली. १८४२ साली झालेली एक मुलगी अवघी तेवीस दिवस जगली. लाडकी ॲनी १८५१ साली दहा वर्षांची होऊन गेली. शेवटचा मुलगा १८५८ साली दीड वर्षाचा असताना तापाने गेला. पृथ्वीवरचे सर्वांत तीक्ष्ण डोळे ज्या बापाला होते, त्यालाही नुसत्या बघण्याने मुले राखता आली नाहीत.

*

त्याच सुमाराची आपल्याकडची गोष्ट. कल्याणच्या यमुना जोशी हिचे, लग्नानंतरची आनंदीबाई, वय चौदा वर्षांचे असताना तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर औषधोपचार मिळाला नाही. दहाव्या दिवशी त्या पोरवयाच्या आईच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो तिला १८८३ साली समुद्रापार घेऊन गेला. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, ती क्षयाने गेली. तिला प्रत्यक्ष वैद्यकी करता आली नाही. आपण शाळेत तिचा धडा ‘पहिली महिला डॉक्टर’ म्हणून शिकवतो. मला वाटते, तो ‘दहा दिवसांच्या बाळाची आई’ म्हणूनही शिकवला पाहिजे. त्याआधी लाखो आयांची बाळे गेली होती, आणि सर्वांनी म्हटले होते, सटवाईचे लिहिणे. या मुलीने प्रथम विचारले, वैद्य का नव्हता?

बाळाच्या कपाळाऐवजी त्याच्या दंडावर लिहिण्याची सुरुवात मात्र त्याच्याही आधी झाली होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. बगदाद-बसऱ्याकडून आलेली ती लस हिंदुस्थानात यशस्वी ठरलेली पहिली. तेव्हा बर्फ नाही, कुपी नाही. आठ दिवसांनी एका मुलाच्या दंडावर जो फोड यायचा, त्यातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा. असे एका पोराच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर होत होत ती लस पुणे, सुरत, हैदराबाद अशी पसरली. लहान मुलांनीच लहान मुलांसाठी वाहून नेलेले हे औषध. माझ्या पिढीच्या दंडावर देवीचा तो गोल व्रण अजून आहे. १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी सापडला, १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले, आणि माझ्या मुलीच्या दंडावर तो व्रण नाही. देव्हाऱ्यातली देवी राहिली, अंगातली गेली.

*

राहिला वजनकाटा. धान्याला, सोन्याला, कापसाला जो काटा हजारो वर्षे लागत होता, तो बाळाला लागायला एकोणिसाव्या शतकाची अखेर यावी लागली. पॅरिसमध्ये पिएर ब्युदँ या डॉक्टरने १८९२ साली आपल्या रुग्णालयात बाळंत होऊन गेलेल्या आयांना दर आठवड्याला बाळासह परत बोलवायला सुरुवात केली. बाळ आजारी नसले तरी यायचे. प्रत्येक वेळी वजन करायचे, लिहायचे आणि आईला दुधाविषयी सल्ला द्यायचा. आजारी नसलेल्या बाळाला डॉक्टरकडे न्यावे, ही कल्पना तेव्हा किती विचित्र वाटली असेल!

पुढचा टप्पा आफ्रिकेतल्या एका खेड्यातला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियातल्या इमेसी-इले या गावी डेव्हिड मॉर्ली या इंग्रज डॉक्टरने मुलांच्या वजनाचा तक्ता तयार केला. दर महिन्याला एक टिंब द्यायचे आणि टिंबे जोडायची. रेघ चढती असली की बाळ ठीक. रेघ आडवी झाली की सावध व्हायचे, मग बाळ वरून कितीही हसरे दिसो. मॉर्लीची खरी करामत पुढे आहे. तो तक्ता त्याने दवाखान्याच्या कपाटात ठेवला नाही, आईच्या हाती दिला. पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. एरोआरची रोजनिशी राजवाड्यात राहिली, माँबेयारचे आकडे ग्रंथात राहिले, डार्विनची वही टेबलाच्या खणात राहिली. हा कागद प्रथमच आईच्या फडताळात गेला.

आपल्या देशात तो कागद ज्या दारातून आला, ते दार मराठी आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. १९५७ साली अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, त्यांना अंघोळ घालावी, भरवावे आणि मग शिकवावे, यातून अंगणवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. आज कानडी, तेलुगू, बंगाली, सर्व भाषांत अंगणवाडी हा शब्द चालतो. आपण भाषेच्या सीमांवर एवढे भांडतो, आणि पाळण्यातल्या पोरासाठी तयार झालेला शब्द मुकाट्याने सर्व सीमा ओलांडून गेला!

गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवले. बाळ जन्मताच त्याचे वजन कसे घ्यावे, श्वास कसे मोजावे, ऊब कशी द्यावी, जंतुसंसर्ग कसा ओळखावा. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा प्रयोग ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला, आणि २०११ साली सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर लागू केली. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. महाराष्ट्रात १६, कर्नाटकात १९. वेदनाध्याय लिहिणारा वैद्य आज असता, तर हे आकडे बघून त्याने हात जोडले असते.

*

आता पुन्हा आमच्या घरी येतो.

नातीच्या जन्मानंतर आमच्या हाती ‘तायी कार्ड’ आले. ते कानडीत. आईला कानडी बोलता उत्तम येते, वाचता येत नाही. पण त्यातल्या आलेखाला भाषा नाही. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, तांबडा पट्टा. पहिल्या महिन्यात ३ किलो ६०० ग्रॅम. दुसऱ्या महिन्यात ४ किलो ४००. लेक ही टिंबे कार्डावर द्यायची आणि आकडे त्या सटवाईच्या कागदावरही उतरवायची. घर आनंदात होते. नात हसत होती, हुंकार देत होती, मुठी चोखत होती. तिसऱ्या महिन्यात आशाताई काटा घेऊन आल्या. काट्याने ४ किलो ५०० दाखवले. त्यांनी पुन्हा तोलले, पुन्हा तेवढेच. “तूक कडिमी ऐतरी,” त्या म्हणाल्या. महिन्याभरात फक्त शंभर ग्रॅम. रेघ आडवी झाली होती आणि हिरव्या पट्ट्याच्या काठावर टेकली होती.

आम्ही सर्व म्हणालो, छे, बाळ तर चांगले खेळते आहे! आशाताईंनी वाद घातला नाही. त्यांनी शांतपणे चौकशी केली. मग उलगडले. दूध पुरत नाही असे कोणा येणाऱ्या-जाणाऱ्या बाईने लेकीच्या मनात भरवले होते, म्हणून दुपारी आणि रात्री बाटलीने गाईचे दूध सुरू झाले होते, तेही निम्मे पाणी घालून. पाण्याने पोट भरायचे, बाळ झोपायचे, आणि आईचे दूध आपोआप कमी होत चालले होते. घरात एम. ए. झालेला मुख्याध्यापक, आणि त्याला पत्ता नाही. मी डार्विन वाचत होतो!

बाटली बंद झाली. दर दोन तासांनी अंगावर पाजणे सुरू झाले. पहिले आठ दिवस कठीण गेले, लेक रडायची, बाळ रडायचे. डॉक्टरांनी तपासून बाकी काही दोष नाही असे सांगितले. चौथ्या महिन्यात काटा ५ किलो ४०० वर गेला, आणि रेघेने पुन्हा मान वर केली.

त्या संध्याकाळी आई माजघरात गप्प बसून होती. मग म्हणाली, “तुझ्याआधीचा असाच होता.”

माझ्याआधी एक भाऊ होता, एवढे मला ठाऊक होते. त्यापलीकडे आई कधी बोलली नव्हती. १९६४ चा सुमार. खेड्यातले घर. “खेळायचा, हसायचा. माझं दूध कमी म्हणून पाणी घालून दूध पाजायचे. बाळसं उतरलं म्हणून दृष्ट काढली. सगळी बघत होतो रे आम्ही, कुणी बघितलं नाही असं नाही. बघता बघताच गेला. चार महिन्यांचा.” मग तिने विचारले, “तेव्हा असा काटा असता, तर?”

या प्रश्नाला इतिहासाच्या मास्तरापाशी उत्तर नसते. झाले ते का झाले, एवढेच इतिहास सांगतो. तरी मला एक गोष्ट आईला सांगावीशी वाटली आणि मी सांगितली, की दोष तिच्या बघण्याचा नव्हता. डोळ्यांना रोजचा बदल दिसत नाही. त्यासाठी मागच्या महिन्याचा आकडा कुठेतरी लिहिलेला असावा लागतो. तिच्यापाशी डोळे होते, कागद नव्हता.

थोड्या वेळाने आई लेकीला म्हणाली, “त्या कागदावर त्याचं लिहिता येतं काय गं?”

लेकीने कागद माझ्यापुढे केला. आईने नाव सांगितले, साठ वर्षांत पहिल्यांदा. मी ते नातीच्या वजनांच्या खाली लिहिले. जन्मतारीख विचारली, तर ती म्हणाली, “काजू संपत आले होते, पाऊस यायचा होता.” म्हणजे मेअखेर, नाहीतर जूनचा आरंभ. हात सवयीने १ जून लिहायला निघाला होता. मी थांबलो, आणि आई म्हणाली तेच शब्द लिहिले.

तो कागद आता तायी कार्डाबरोबर त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. येत्या दिवाळीत नात वर्षाची होईल. तिला मंमं म्हणता येते.